दादाने मागावर कुऱ्हाड घातली

येवले, माघ वद्य पंचमी, १९३४

तोंडात रक्ताची चव आहे. रक्त दादाचं आहे.

प्लेग ओसरला म्हणून आज शेतातली झोपडी सोडून आम्ही घरी आलो. वाटेत रेशमाचा दलाल भेटला. म्हणाला, "धंदा कायमचा बुडाला. आता पैठणी काय मढी नेसणार?" घरात शिरताच दादाने कुऱ्हाड उचलली आणि आम्ही पैठण्या विणतो त्या मागावर घातली. पहिल्याच घावात पुढचा दांडा दुभंगला. मी मागावर आडवी पडले.

"बाजूला हो, शांते! जळणाला तरी येईल."

"झोपड्यांत असताना दोन लग्नं लागली ना आपल्यासमोर? लोक लग्नं करायची थांबलेत का?"

त्याने मला केसांना धरून ओढलं. मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. कुऱ्हाड हातातून सुटली, ती वहिनीने विहिरीत टाकली.

चूळ भरली तरी चव जात नाही. दलालाचं खरं असेल का? पण मागच्या प्लेगातही तो हेच बोलला होता, आणि पुढच्या लग्नसराईत आमच्याच दारात पैठणीसाठी ताटकळत उभा होता!

दादा मनगटाला हळद लावून बसलाय. मला त्याची कीव येत नाही. उद्या सुताराला बोलावणार. कुऱ्हाड विहिरीतच राहू दे.