दुपारची स्वस्त वीज आणि ग्लेनिस

फिंडन, अ‍ॅडलेड
फेब्रुवारीतला एक भाजून काढणारा मंगळवार

थोरले साडू मर्व्हिनराव यांस धाकट्या साडूचा, म्हणजे नेव्हिलचा, आदराने आणि या खेपेला जरा बिचकतच नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? व्हेल्माताईंचे टोमॅटो या उन्हात तगले का? (आमचे झाडावरच शिजले. वीज न लागता झालेला तेवढा एकच स्वयंपाक.) आणि तुमच्या मागच्या खोलीत जी पाहुणी उतरली आहे, ती बरी आहे ना? जेवते ना पोटभर? माझी चौकशी करते का? (करत नसेल तरी 'करते' असंच कळवा.) फोनवरच विचारलं असतं, पण आमची ही, ग्लेनिस, माझा फोन घेत नाही. तुम्ही घेतलात तर ती तिथेच बसून ऐकतेय हे तुमच्या आवाजावरून लगेच ओळखू येतं. तुम्ही एकदम फार सभ्य बोलू लागता. म्हणून हे पत्र.

ग्लेनिसची अट तुम्हाला ठाऊक आहेच, तुमच्या अंगणात तुमच्यादेखतच तिने ती घातली. "त्या विजेच्या मेंबरशिपने आपले पैसे खरोखर वाचतात हे मला समजेल असं सिद्ध कर, मी येते. नसेल जमत तर ती बंद कर, तरी येते." बाई किती सरळ बोलली पाहा. त्यावर मी दुसऱ्याच दिवशी बंद करून मोकळा झालो असतो, पण माझा स्वभाव पडला हट्टी. म्हटलं, आधी सिद्धच करून दाखवतो. तेव्हापासून कागद-पेन्सिल घेऊन बसलोय आणि जितकं लिहितो तितकं डोकं गरगरतंय.

मुळापासून सांगतो. तुमची वीजकंपनी तुम्हाला सकाळ-संध्याकाळ एकच भाव लावते. आमची म्हणते, आम्ही विजेवर एक सेंटही कमावत नाही, बाजारात जो भाव असेल तोच तुम्हाला, फक्त दरमहा वर्गणी भरा आणि सभासद व्हा. आता बाजारातला भाव घडीघडीला बदलतो. तो मोबाईलवर दिसतो. हिरवा असेल तर खुशाल वापरा, लाल असेल तर बटणाला हात लावू नका. हे खूळ आमच्या बोल्स क्लबात आणलं खजिनदार मरे शिर्मरने. (गवतावर गोळे घरंगळवायचे सोडून सगळे म्हातारे हल्ली मोबाईलकडे बघत उभे असतात. परवा एकाचा गोळा माझ्या पायावर आला.) मरे म्हणाला, "अरे नेव्हिल, दुपारी वीज फुकट! कधीकधी तर फुकटाच्याही खाली!" मी विचारलं, मग पैसे भरायचे कशाचे? तर म्हणाला, "संध्याकाळचे." मर्व्हिनराव, मी तिथेच उठायला हवं होतं. पण क्लबात ज्याला त्याला विचारावं तर, "वाचतात ना! वाचतात म्हणजे काय!" बिल बघितलंस का म्हटलं, तर प्रत्येकाचं उत्तर एकच, ते बायको बघते. आणि नवा सभासद आणला की मरेच्या बिलातून थोडी रक्कम कमी होते, हे मला फार उशिरा कळलं.

मग आमच्या घरात दुपारचं राज्य सुरू झालं. कपडे दुपारी, भांडी दुपारी, इस्त्री दुपारी. मटणाचा रोस्ट ऐन दुपारी, बाहेर चाळीस अंश असताना. संध्याकाळचा चहा दुपारीच करून थर्मासमध्ये. ग्लेनिस बिचारी सुरुवातीला हसत होती. पण भर दुपारी ओव्हन पेटवला की घर तापायचं, तापलं की एसी लावावा लागायचा. म्हणून मी युक्ती काढली की स्वस्तात दुपारीच घर इतकं गारठवून ठेवायचं की संध्याकाळी एसी लागूच नये. त्यामुळे आम्ही दुपारी एक वाजता लोकरीचे स्वेटर घालून, पायाशी गरम पाण्याची पिशवी घेऊन बसायचो, आणि सहा वाजता डोक्यावर ओला टॉवेल. (गरम पाण्याच्या पिशवीसाठी किटली लावली, त्याचा खर्च कुठे धरायचा? एसीत धरू की चहात?)

त्यात आमच्या छपरावरची पॅनेलं. आजवर ती वीज बनवायची, आम्ही उरलेली विकायचो, चार पैसे मिळायचे. आता दुपारी अख्ख्या अ‍ॅडलेडची छपरं एकदम वीज बनवतात, कोणालाच ती नको असते, आणि मग जो विकतो त्यालाच उलटे पैसे भरावे लागतात! म्हणजे मी देणारा, आणि वर दंडही मलाच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ऐकल्या होत्या, पण सूर्याच्या? मी म्हटलं, आपला सूर्य आपल्यालाच बुडवतोय. घेतली शिडी, चढलो छपरावर, आणि ग्लेनिसच्या ठेवणीतल्या चादरी पॅनेलांवर पसरून कपड्यांचे चिमटे लावले. शेजारचा थानासी कुंपणापलीकडून बघत होता. "काय रे, झोपवतोयस वाटतं त्यांना? गोष्ट पण सांग एखादी!" मी दुर्लक्ष केलं. मग वारा सुटला आणि फुलाफुलांची चादर उडून थेट त्याच्या कोंबड्यांवर. तीन दिवस अंडी नाहीत. चादर परत देताना तो म्हणाला, "पॅनेलं बंद करायचं बटण तुझ्या मीटरशेजारीच आहे की, गाढवा!" आहे खरं. ग्लेनिसला ते आधीपासून माहीत होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं.

आता ती संध्याकाळ. त्रेचाळीस अंश. भाव असा लाल झाला की मोबाईलच हातात गरम लागायला लागला. ग्लेनिस म्हणाली, नेव्हिल, एसी लाव. मी म्हटलं, आठपर्यंत थांब, उतरेल. ती म्हणाली, मला गरगरतंय. तेव्हा (तुम्हाला म्हणून सांगतो, मर्व्हिनराव, हसू नका) मी तिला म्हटलं, चल, गाडीत बसू, गाडीतला एसी बॅटरीवर चालतो, फुकट. आम्ही आमच्याच दारात गाडीत बसलो, इंजिन चालू ठेवून, थर्मासमधला दुपारचा चहा पीत. तिने कप रिकामा केला. मग म्हणाली, "एवीतेवी पेट्रोल जळतंच आहे, तर व्हिक्टर हार्बरला ताईकडेच घे." म्हणून आम्ही त्या दिवशी न सांगता तुमच्याकडे टपकलो. 'समुद्राची हवा खायला आलो' ही थाप माझी. तुम्ही दार उघडलंत, आतून गार हवेचा झोत आला, आणि ग्लेनिस तुमच्या सोफ्यावर बसली ती आजतागायत बसलीच आहे.

आता हिशेब. गेल्या वर्षीचं बिल यंदापेक्षा जास्त होतं, म्हणजे वाचले. पण गेल्या वर्षी आमची नात अख्खा उन्हाळा इथे राहायला होती आणि तासतासभर आंघोळ करायची, म्हणजे काहीच कळत नाही. वर्गणी धरली तर गेले. ओव्हन दुपारी चालवल्याचे वाचले, ओव्हनमुळे एसी लागला त्याचे गेले. पेट्रोल धरलं तर नक्कीच गेले, पण मरे म्हणतो, पेट्रोल विजेच्या बिलात धरत नाहीत. चादरी कशात धरतात विचारलं, तर त्याने फोन ठेवला. तुम्ही जन्मभर बँकेत आकडे मांडलेले गृहस्थ. मला एवढंच सांगा, हे लोक वाचवतात की आपण वाचवतो आणि ते त्याची वर्गणी घेतात?

व्हेल्माताईंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा,
गोंधळलेला साडू
नेव्हिल ट्रेझीज

ता. क. पत्र बंद करत होतो आणि या महिन्याचं बिल आलं. मर्व्हिनराव, सिद्ध झालं! लग्न झाल्यापासून इतकं कमी बिल या घराने पाहिलेलं नाही! मी कागद नाचवत थानासीकडे गेलो. त्याने बिल पाहिलं, मग आमच्या घराकडे पाहिलं. म्हणाला, "कमी येणारच की. घरात आहे कोण?" मी कागद घडी करून खिशात घातला. खरं आहे. मी एकटा काय जाळणार? पाव आणि चीज खातो. रेडिओ लावायचंही सुचत नाही.

ता. क. २. तेव्हा सोबत ठेवलेलं ते बिल ग्लेनिसला दाखवू नका. सिद्ध झालं असंही सांगू नका. नेव्हिल हरला, मेंबरशिप बंद करतोय, एवढंच सांगा. अडचण एकच आहे. मी कंपनीला फोन केला, तर ते म्हणाले खातं मिसेस ट्रेझीजच्या नावावर आहे, बंद करायला त्यांनीच बोललं पाहिजे. (घर तिच्या आईचं, म्हणून वीज आधीपासून तिच्या नावावर. सभासद करताना मी तिच्या मोबाईलवर बोट टेकवलं होतं. तिला कोणी विचारलंच नव्हतं, हे इथेही लागू.) मी म्हटलं, मिसेस ट्रेझीज बहिणीकडे गेल्यात. ती मुलगी म्हणाली, कधी येणार? मी म्हटलं, बाई, मी तेच तर तुम्हाला विचारतोय.

ता. क. ३. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून पत्र मीच घेऊन आलोय. हे शेवटचं तुमच्या दाराबाहेर गाडीत बसून लिहितोय, आता तुमच्या पेटीत टाकतो आणि थोड्या वेळाने बेल वाजवतो. संध्याकाळचे सहा वाजलेत. निघताना घरातला एसी चालू ठेवून आलोय, म्हणजे ती पोचेपर्यंत घर गार झालेलं असेल. भाव काय आहे ते पाहिलेलं नाही. मर्व्हिनराव, दार उघडायला तिलाच पाठवा.