सल्लागाराला माझा ठाम विरोध

३ जुलै, सकाळी
नवी डायरी. युनिव्हर्सिटीच्या कार्यपरिषदेवर सदस्य झाल्यावर नोंदी ठेवणं भाग आहे. भिलाईच्या स्टील प्लांटमधून एजीएम म्हणून रिटायर झालो, तेव्हापासून या शहराला माझा उपयोग करून घेता येत नव्हता. शेवटी कोणीतरी ओळखलं. प्रेमलाचं म्हणणं, त्यांना उद्योगातला एक कोणीतरी पाहिजे होता आणि आधी विचारलेल्यांनी नाही म्हटलं. बायकोने नवऱ्याबद्दल असं बोलू नये.

५ जुलै
अजेंडा आला. आयटम सात: बाहेरच्या कन्सल्टंटला काँट्रॅक्ट. कंपनी गुरुग्रामची. युनिव्हर्सिटीत काय चुकतंय ते युनिव्हर्सिटीला सांगणार. तिथे मॅनेजमेंटचं अख्खं डिपार्टमेंट आहे, त्यांना कोणी विचारत नाही. मी विरोध करणार. ठाम.

संध्याकाळी केवलराम आला. प्लांटमधल्या आमच्या रिपेअर शॉपचा जुना फिटर, अजूनही मला पाहिलं की उभा राहतो. त्याची टीना दिवसा रसमड्याच्या एका कारखान्यात बिलिंग करते आणि युनिव्हर्सिटीच्याच कॉलेजात संध्याकाळच्या बॅचला बी.कॉम. करते. शेवटचं वर्ष. घर तिच्याच पगारावर चालतं. कॉलेजात चर्चा आहे म्हणे, कन्सल्टंट आले की संध्याकाळची बॅच जाणार. साहेब, बॅच बंद होऊ देऊ नोका, पोरीचं एवढंच वर्ष राहिलं. मी म्हटलं, अरे, मी तिथे बसलोय कशाला? त्याचे डोळे भरून आले. मला फार बरं वाटलं.

९ जुलै
आरशासमोर भाषणाची प्रॅक्टिस. "अध्यक्ष महोदय, घरचे वैद्य सोडून..." इथे पॉज. प्रेमला मेथी निवडत ऐकत होती. तिच्या मते भाषण चांगलं आहे, पण तुमी तिथं बोलसान का? या प्रश्नाला काही अर्थ नाही.

१२ जुलै, मीटिंगनंतर
टेक्निकल अडचण आली. कुलगुरूंनी आयटम सात वाचला आणि टेबलाभोवती एकेकाचं नाव घ्यायला सुरुवात केली. तिथेच घात झाला. प्लांटमध्ये रोज सकाळी जीएम फोनवर एकेका शॉपचं नाव घ्यायचे आणि आपण 'ओके' म्हणायचं. क्रेन बंद असो, आग लागलेली असो, आधी ओके. बाकीचं मग आपसांत निस्तरायचं. सगळी नोकरी याच्यावर झाली. कुलगुरूंनी नाव घेतलं, "ओमप्रकाशजी?" तोंडातून ओके निघून गेलं. भाषणाचा कागद उघडेपर्यंत आयटम आठ, कँटीनचं छप्पर. छपराला मात्र मी कडाडून विरोध केला. सगळे बघतच राहिले.

घरी प्रेमलाने विचारलं, कावून नाही बोलले? मी सांगितलं, ही स्ट्रॅटेजी आहे. कन्सल्टंटला आत येऊ द्यायचं आणि मग वळवायचं. तिने पोळी जरा जोरात लाटली.

२ ऑगस्ट
कन्सल्टंट मुलाखतीला घरी आला. हर्षल नाव. अमरावतीचा निघाला! म्हणजे आपलाच. मी बोलायचो आणि तो लॅपटॉपवर टिपून घ्यायचा. घरात असं कोणी करत नाही. रिपेअर शॉपची नाइट शिफ्ट मी कशी बंद केली ते तपशीलवार सांगितलं. माणसं कमी, दिवे-पंखे तेवढेच, सुपरवायझर वेगळा. युनियन ओरडली, पण लोक लवकरच जुळवून घेतात. हर्षल म्हणाला, सर, ही फार मोठी इनसाइट आहे. प्लांटमध्ये याला कोणीच इनसाइट म्हटलं नव्हतं.

बॅचचा विषय तेवढा राहिला. हरकत नाही, माणूस पूर्ण खिशात आहे. केवलराम मार्केटमध्ये भेटला. त्याला सांगितलं, निश्चिंत राहा.

२० सप्टेंबर
रिपोर्ट आला. रंगीत, गुळगुळीत. आणि त्यात मी! 'कार्यपरिषदेच्या एका अनुभवी सदस्याच्या मते...' लगेच प्रेमलाला नेऊन दाखवला. ती चष्मा लावून माझ्यापेक्षा पुढे वाचत गेली. 'कमी हजेरीची शिफ्ट बंद केल्यास लोक लवकर जुळवून घेतात. सबब, संध्याकाळची बॅच बंद करावी.' प्रेमला म्हणाली, हे तं तुमचंच बोलणं आहे. मी म्हटलं, संदर्भ सोडून घेतलंय. कोणता संदर्भ, तिने विचारलं. मी फिरायला निघून गेलो.

जीव जरा घाबरा झालाय. पण अजून मंजुरी बाकी आहे. मंजुरीच्या वेळी बघतो एकेकाला.

२७ सप्टेंबर
आज ठरवूनच गेलो होतो. नाव घेतलं की सरळ 'नाही' म्हणायचं. पण कुलगुरूंनी नावं घेतलीच नाहीत. सुरुवातीलाच माझं अभिनंदन केलं. म्हणाले, या सुधारणेची मूळ कल्पना आपल्या ओमप्रकाशजींची. सगळ्यांनी टेबल वाजवलं. अशा वेळी विरोध म्हणजे स्वतःलाच विरोध. उठून उभा राहिलो आणि आभार मानले. बॅच दिवाळीआधीच बंद.

येताना ठरवलं, केवलरामला आजच जाऊन सगळं खरं सांगायचं. पण जेवायची वेळ झाली होती. कोणाच्या घरी अशा वेळी जाणं बरं नाही. उद्या.

१४ ऑक्टोबर
केवलराम स्वतःच आला. टीनाने कॉलेज सोडलं. दिवसाच्या बॅचला जायचं तर नोकरी सोडावी लागते, आणि नोकरी सोडली तर खाणार काय. पोरगी कामावरून येते आणि झोपून राहते म्हणे.

सांगूनच टाकायचं ठरवलं, सुरुवातही केली. केवलराम, त्याचं असं झालं की... त्याने माझा हात धरला. म्हणाला, राहू द्या साहेब, मले मालूम आहे. तुमी लय भांडले असान. बाकीच्यायनं तुमाले एकटं पाडलं असन.

प्रेमला चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. माझ्याकडेच पाहत होती.

मी म्हणालो, हो, एकटा पडलो.