डब्यातला कडीपत्ता

पिंगळी, मंगळवार, दिवेलागणीला

गायरानातली आमची जागा आज आमच्या नावावर झाली. नियम बदलला म्हणून, आणि ग्रामसेवकबाई आमच्यासाठी तालुक्याला खेटे घालत राहिल्या म्हणून. त्यांचे उपकार कसे फेडू? घरकुलही मिळेल म्हणाल्या.

मायनं कडीपत्ता आजवर तेलाच्या डब्यातच लावला. झोपड्या उठवायला माणसं आली की आधी तो डबा डोक्यावर. रोप कायम खुजंच. आज तिनं डबा कापला, रोप दारापुढं मातीत लावलं. मी रागवलेच जरा. म्हणलं, माय, घर बांधताना हे मधात येईल.

"मंग घर सरकून बांध. ह्याला आता उठवायचं न्हाई."