फोर-बाय-फोरने भाऊबीजेला

गोत्री, बडोदे
दसऱ्याचा दुसरा दिवस

प्रिय धनाजीराव यांना जयवंतरावाचा सप्रेम नमस्कार.

आम्ही उभयता इकडे खुशाल आहोत. तुमची पाठ आता कशी आहे? वहिनींचा खोकला थांबला का? म्हैस दूध देऊ लागली की अजून रुसूनच आहे? सर्वांची खुशाली कळवावी. फोन असताना हा माणूस पत्र का लिहितो, असे तुम्हाला वाटेल. पण मी फोनवर हळू बोलू लागलो की तुमच्या भगिनी टीव्हीचा आवाज बंद करतात. मोबाइलवर लिहावे, तर तो चार्जिंगला त्याच लावतात आणि लावता लावता वाचतात. तेव्हा मजकूर गुप्त ठेवायचा तर पोस्टाशिवाय गती नाही. हे पत्र वाचून झाल्यावर वहिनींनासुद्धा दाखवू नका. (त्या कौशल्याला सांगतील असे नाही, पण सांगतील.)

गेल्या वर्षीची भाऊबीज तुम्ही विसरला नसाल. तुमच्या गावचा शेवटचा चढ पावसाने उखडलेला, वडापच्या जीपवाल्याने आम्हाला पायथ्याशी उतरवले आणि वर यायला साफ नकार दिला. कौशल्याचे गुडघे तर त्याआधीच नकार देऊन बसले होते. मग तुम्हीच खाली आलात आणि चहाच्या टपरीत, बिस्किटांच्या खोक्यावर बसून तुम्ही ओवाळून घेतलेत. वाऱ्याने निरांजन तेवत राहीना, म्हणून टपरीवाल्याने भजी तळणे थांबवून कढईचे झाकण आडोशाला धरले. तुम्ही हसत होतात, मीही हसत होतो. ती मात्र कऱ्हाड येईपर्यंत ओवाळण्याचे ताट मांडीवर धरून बसली. कऱ्हाडच्या स्टँडवर म्हणाली, "पुढच्या वर्षीपासून दादाला फोनवरच ओवाळीन." धनाजीराव, मला त्या वेळी फार वाईट वाटले. माहेरचा उंबरा वर दिसतो आहे आणि बाई खालून परत जाते, हे काही बरे नाही. पुढची भाऊबीज तुमच्या घरातच होईल, असे मी तिथल्या तिथे ठरवले. (मोठ्याने बोललो नाही. मोठ्याने बोललेले तिच्या फार लक्षात राहते.)

म्हणून मी डभोईकडच्या एका शेतमालकाकडून जुनी फोर-बाय-फोर गाडी घेतली. वयाने ती आमच्या लेकीएवढी, स्नेहलएवढी असेल, पण स्नेहल कधी एवढी खोकली नाही. रंग हिरवा होता असे कागदपत्रांवरून कळते. गाडी सोसायटीत उभी केली, तेव्हा कौशल्याने गॅलरीतून विचारले, "ही आणलीत, की कोणी टाकून गेलं?" मी तिला दोन दांडे दाखवले. एक साधा गिअरचा आणि शेजारचा छोटा फोर-व्हीलचा. तो पुढे ओढला की चारही चाकांना ताकद मिळते आणि गाडी डोंगर चढते. हे मी तिला, वॉचमनला, दूधवाल्याला आणि सोसायटीचे सेक्रेटरी रमणीकभाई यांनाही दांडा ओढून ओढून समजावले. पुढे दोन महिने मी मंडईत भाजीला जातानासुद्धा फोर-व्हील लावून जात असे आणि फरक अगदी जाणवतो, असे सगळ्यांना सांगत असे.

मग गाडी पाणीगेटला यासीनभाईंच्या गॅरेजमध्ये नेली. यासीनभाई हा अतिशय आशावादी मनुष्य आहे. त्यांना 'नाही' हा शब्द येत नाही. 'कधी' हाही येत नाही. ते गाडीखाली शिरले आणि खालूनच अदबीने म्हणाले, "साहेब, आगेवाला शाफ्ट घर पे रखा है क्या?" इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना पोचवणारा जो लांब दांडा असतो तो गाडीला नव्हताच! आधीच्या मालकाने तो काढून कशाला वापरला देव जाणे. म्हणजे दोन महिने मी जो दांडा ओढत होतो त्याच्या दुसऱ्या टोकाला काही नव्हते. रिफायनरीत आयुष्यभर दाबाची घड्याळे वाचलेला मी माणूस, पण विश्वासाने बघितले की सगळेच चालताना दिसते. यासीनभाई म्हणाले, "हो जाएगा." आणि खरोखरच कुठल्याशा भंगारबाजारातून त्यांनी शाफ्ट पैदा केला.

इथे थांबलो असतो तर हे पत्र एका पानाचे झाले असते. पण तुमच्या चढावरचे दगड माझ्या डोळ्यांपुढे होते. गाडीचे पोट दगडाला लागले तर? मी मोबाइलवर पाहू लागलो, तर जगभरचे लोक आपल्या गाड्या उंच करत होते. मग आपणच काय पाप केले? यासीनभाईंच्या गॅरेजसमोर गटाराचे खोदकाम सुरू होते, म्हणून ते रविवारी आमच्याच पार्किंगमध्ये हत्यारे घेऊन येऊ लागले. (त्यांचा चहा, पोहे आणि पोह्यांवरची शेव तुमच्या भगिनींकडे. त्या देत होत्या, पण बशी जरा आपटून ठेवत होत्या.) स्प्रिंगांना जास्तीचे पाटे घातले, वरच्या मापाचे टायर चढवले. रमणीकभाईंनी फरशीवरच्या तेलाच्या डागांबद्दल मला लेखी नोटीस दिली, ती मी तेल टिपायला वापरली. शेवटी जॅक काढले आणि गाडी उभी राहिली. काय सांगू धनाजीराव, हत्ती! मी ऐटीत चालू करून पुढे घेतली आणि पार्किंगच्या तोंडाशी जी आडवी तुळई आहे, तिच्यापुढे कचकन ब्रेक मारला. आत आली ती जुन्या उंचीने. आता ती बाहेर जाईना.

वरचा कॅरिअर काढला. टायरमधली हवा सोडली. तरी दोन बोटे टप तुळईला अडत होता. पाटे परत काढा म्हणावे, तर यासीनभाईंचे तोंड उतरलेले. रविवारची सकाळ, अर्धी सोसायटी फाफडा-जलेबीची पुडकी घेऊन बघायला जमलेली. तेव्हा नोटीसवाले रमणीकभाईच पुढे आले. ते म्हणाले, गाडी उंच आहे ना, मग वजन घालून दाबा! "बधाने बेसाडो!" सगळ्यांना बसवा, एवढी गर्जना करून ते स्वतः पुढच्या सीटवर चढले. (चढवले. मागून तिघे होते.) आणि ते बसताच गाडी त्यांच्या बाजूने नम्र झाली. मग काय, मागे भजनमंडळाच्या बायका बसल्या, त्यांच्या मांडीवर त्यांच्या सुना बसल्या, बॉनेटवर तिसऱ्या मजल्याचे शहाकाका, मागच्या बंपरवर वॉचमन आणि दूधवाला. यासीनभाई खाली वाकून तुळईकडे बघत "हजी! हजी!" म्हणजे अजून, अजून, असे ओरडत होते आणि दर ओरडण्याला कोणीतरी आणखी चढत होते. ज्या बाई एरवी आपले वजन डॉक्टरलाही सांगत नाहीत, त्या "मने ल्यो, मने ल्यो" म्हणत धावत आल्या. मी श्वास रोखून क्लच सोडला. टप तुळईखालून असा गेला, की वर थोडी धूळ होती ती पुसली गेली! लोकांनी टाळ्या वाजवल्या. रमणीकभाई तेव्हापासून "आपणी गाडी" म्हणतात आणि रोज तिची तब्येत विचारतात.

त्याच वेळी कोणीतरी म्हणाले, पहिली चक्कर कौशल्याबेनना मारून आणा. ती पदर खोचून आली, दार उघडले आणि बघत राहिली. पाय ठेवायची जागा तिच्या कमरेशी आली होती. तिने एकदा गुडघा उचलून पाहिला, मग मागे सरून म्हणाली, "तुम्ही जाऊन या." कोणी हसले नाही. जिच्यासाठी गाडी उंच केली, तिलाच ती चढता येईना. एवढी साधी गोष्ट माझ्या कशी लक्षात आली नाही? मी त्या दिवशी जेवलो नाही. (संध्याकाळी फाफडा खाल्ला, पण चव लागली नाही.)

पुढच्या रविवारी यासीनभाईंनी जास्तीचे पाटे काढले, जुने टायर बसवले आणि गाडी मी आणली तेवढीच उंच झाली. कारागिरी म्हणून आता तिला फक्त एक लोखंडी पायरी आहे आणि दाराशी धरायला एक दांडा. पण पुढचा शाफ्ट खरा आहे, धनाजीराव, आणि फोर-व्हीलचा दांडा ओढला की खालून असा काही आवाज येतो, की ओढल्यासारखे वाटते. खंडेनवमीला गाडीला हार घातला आणि काल दसऱ्याला दोघेच पावागडावर माचीपर्यंत जाऊन आलो. गाडी अप्रतिम चढली. वाटेत दोनदा थांबून आम्ही देखावा पाहिला. उतरताना कौशल्याने गाडीच्या दारावर हात ठेवला. तेवढे मी पाहिले. यंदा जमेल, असे मला मनापासून वाटते.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
जयवंतराव

ता. क. पत्राचे खरे कारण राहिलेच. तुमच्या भगिनी अजून 'येते' म्हणालेल्या नाहीत. रस्त्याची त्यांनी धास्ती घेतली आहे. तरी तुम्ही फोन करून सहज बोलल्यासारखे सांगावे, की पंचायतीने चढाचा रस्ता दुरुस्त केला आणि आता तिथून लहान गाड्याही येतात. खोटे बोलायला सांगतो आहे, याची मला कल्पना आहे. पण एकदा गाडीत बसून त्या पायथ्यापर्यंत आल्या, की पुढचे मी आणि फोर-व्हील पाहून घेऊ.

दादा, पाकिटाला लावायचा डिंक सापडेना, म्हणून हे माझ्याकडेच पत्र घेऊन आले. तेव्हा मी सगळं वाचलं. रस्ता झाला असं मला फोन करून सांगू नकोस. परवाच वहिनीने त्या चढाचा व्हिडिओ पाठवलाय, त्यात तुझा कुत्रा पण बसत बसत चढतोय. माचीला जाताना गाडी दोनदा देखाव्यासाठी नाही, पाणी उकळलं म्हणून थांबली. पायरीवर चढताना गुडघा अजून दुखतो, पण हे खाली उभे राहून हात देतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी चारचौघांत माझा हात कधी धरला नव्हता. मी भाऊबीजेला नक्की येणार आहे, ह्याच गाडीतून. ह्यांना सांगू नकोस, रस्ता झाल्याच्या तुझ्या फोनने मी तयार झाले असंच त्यांना वाटू दे.

एक काम कर. त्या दिवशी सकाळपासून तुझा ट्रॅक्टर चढाच्या मध्यावर उभा करून ठेव. सहज उभा आहे असं वाटलं पाहिजे, ट्रॉलीत थोडी वैरण टाक. दोर वैरणीखाली ठेव. गाडी आपली आपण वर आली, तर ट्रॅक्टरचं नाव काढू नकोस. नाही आली, आणि ओढून न्यायला लागली, तरी घरी पोचल्यावर सगळ्यांसमोर म्हण, की भावजी, फोर-व्हील काय चढली!

तुझी,
कौशल्या