सुका फोटो

अण्णा, तुमचा जुना कॅमेरा चालू झाला. तुम्ही गेल्यावर आईनं तो लिंबाच्या पाल्यासकट ज्वारीच्या कोठीत घातला होता, ओल लागू नये म्हणून. सतरा वर्षं बिचारा ज्वारी खात बसला. जालन्याच्या दुरुस्तीवाल्या चाचांनी पेचकस लावला तर आतून कोंडा सांडला. "बेटा, फोटो काढायचे होते का पेरणी करायची होती?" म्हणाले. मी हसले खरी, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. का ते सांगायलाच बसले आहे.

आठवतं, भोकरदनच्या लग्नांत तुमच्या गळ्यात दोन कॅमेरे असायचे? कामाचा एक आणि हा. वऱ्हाडातला एकेक जण कोपर धरून मागं लागायचा, "माझा बी एक काढा की!" रोल छत्तीस फोटोंचा, वऱ्हाड तीनशेचं. मग तुम्ही हा रिकामा कॅमेरा डोळ्याला लावून खट् करायचात आणि माणूस खूश होऊन पंगतीला जायचा. पाण्यात धुवायचा प्रश्नच नाही, म्हणून तो सुका फोटो. घरी जेवताना मी विचारायची, "अण्णा, आज सुके किती?" तुम्ही ठसका लागेपर्यंत हसायचात, आई म्हणायची, "पाप लागंल बरं."

माझ्या लग्नात तुम्ही जाफराबादचा फोटोवाला बोलावलात. मुलीच्या बापाला कुठली सवड! पण मी सासरी जायला मंठ्याच्या गाडीत बसत होते तेव्हा गर्दीतून पुढं आलात, गळ्यात हाच. "इकडं बघ, बाई. हालू नको." खट्. एकच. माझी अशी तळपायाची आग मस्तकात गेली! वऱ्हाडाला फसवलं ते ठीक, पोटच्या पोरीलाही? दिवाळीला माहेरी आले तेव्हा विचारलंच, "माझा फोटो कुठंय?"

"रोल संपू दे. मंग धुतो."

"त्यात कधी रोल असतो का? सुकाच मारला ना मला?"

तुम्ही सदऱ्याच्या टोकानं कॅमेऱ्याची काच पुसत राहिलात. संक्रांतीच्या आधीच तुम्ही गेलात. मधे आपण किती तरी बोललो असू, मला मेलीला तेवढंच आठवतं.

तुम्हीच शिकवलं होतं, की कॅमेऱ्याची पाठ उघडण्याआधी रोल गुंडाळायची चावी फिरवून बघायची. जड लागली की आत रोल आहे. यंदा उन्हाळ्यात कोठी झाडताना हा निघाला. मी चावी फिरवली नाही. कशाला फिरवू? आत काही नाही हे मला बिलकुल ठाऊक होतं! भर दुपारी, अंगणात, पाठ उघडली. आत फिल्म ताणून बसलेली, अण्णा. झटकन मिटलं, पण ऊन ते ऊन. फोटोवाल्याची पोर मी, आणि माझ्या हातून हे व्हावं! आई दारातून म्हणाली, "काय निघालं गं?"

"काही न्हाई. रिकामाच आहे."

"मंग तुलाबी सुकाच मारला व्हता म्हण की त्यांनी!" पदर तोंडाला लावून ती किती वेळ हसत होती.

रोल चाचांनीच धुतला. सुरुवातीची वीतभर पट्टी काळीकुट्ट, पुढं सगळी कोरी. "एकच काढेल होता, बेटा. आकडा एकवरच आहे. उजेड लागून गेला तो." म्हणजे रोल संपला नव्हता, हे तुम्ही खरंच सांगत होतात. सगळ्या जन्मात त्या कॅमेऱ्यात एकदाच रोल घातलात, तो माझ्यासाठी. बाकीचे पस्तीस कशासाठी राखले होते? माझ्या माहेरपणांसाठी? तेव्हा एवढंच म्हणायचं होतंत ना, की आत रोल आहे गं बाई. मी कान धरून माफी मागितली असती.

काल नवा रोल घालून आईला ओट्यावर बसवलं. पदर सारखा करत म्हणाली, "सुका नको मारू हां."

"न्हाई गं, ओला आहे," म्हटलं, आणि दोनदा डोळे पुसून मगच बटण दाबलं.

हे पत्र कोठीत ठेवणार होते, पण आई ज्वारीला रोज तिथं हात घालते आणि तिला वाचता येतं. म्हणून मंठ्याला घेऊन चालले आहे. तिला मी अजून खरं सांगितलेलं नाही. येईल-जाईल त्याला ती हसून सांगते, की बापानं पोरीलासुद्धा सोडलं नाही, आणि मी शेजारी बसून हसते.