पायरीची शपथ

१२ ऑक्टो. १९५०
घट बसले. चावडीपुढचा दगड कोरून तयार; दसऱ्यापर्यंत कापडाखाली. मजकूर माझाच : ‘जुलमी संस्थान निर्वारस संपले.’ सभेत वाचला, टाळ्या थांबेनात. घरी थोरली अक्का भाकरी थापत होती.
‘निर्वारस? मग गढीवरची गौरव्वा कोण हाय रे?’
‘मुलगी आहे ती.’
‘म्हंजे कुणीच न्हाई? सभेत तर बाई-बाप्या एक म्हणून ओरडायलास!’
लिहिताना राजाची लेक आठवलीच नव्हती. मला!

१५ ऑक्टो.
गौरव्वा शाळेतून परतताना दगडापाशी थांबली. नऊ वर्षांची. कापड सारून, बोट फिरवत सगळं वाचलं.
‘अण्णा, निर्वारस म्हंजे काय?’
दोन-दोन तास बोलणारा मी. म्हणालो, उद्या सांगतो.

१७ ऑक्टो.
अजून सांगितलं नाही. पाथरवटाला म्हटलं, तो शब्द काढ.
‘काढला तर खड्डा पडतोय, अण्णा. लोक खड्डाच वाचतील.’
कमिटीचे शिवप्पा हसले. ‘कामून? गढीवरनं जेवायचं बोलावणं आलं व्हय?’
सगळे हसले. मीही.

१८ ऑक्टो.
सीमोल्लंघन झालं की गढीच्या पायऱ्या चढून राजाला पहिलं सोनं द्यायचं, ही रीत. गेल्या वर्षी राजा वारला, संस्थानही गेलं. तेव्हाच मी साऱ्या गावाला बेलभंडार उचलून शपथ घ्यायला लावली : ही पायरी कुणी चढायची नाही. पहिला हात माझा. परवा दसरा.

२० ऑक्टो.
शीव ओलांडून परतलो. गढीच्या वरच्या पायरीवर गौरव्वा, बापाचा फेटा डोळ्यांवर आलेला, हातात तबक. लोक येतील असं तिला कुणी सांगितलं? मिरवणूक चावडीकडे वळली. मीही वळलो. दगडावरचं कापड काढलं, भाषण केलं. खिशात आपट्याचं पान चुरगळत होतं.
एकाएकी लोक बाजूला सरले. समोर गौरव्वा.
‘चढायची न्हाई ही तुमची शपथ हाय, अण्णा. म्हणून मीच उतरून आले.’
तिनं तबकातलं पान पुढे केलं.
मागून शिवप्पा : ‘घ्यायलाव व्हय, अण्णा?’
घेतलं. माझं खिशातलं मात्र निघेना, सगळा गाव बघत होता. तिनं हात पसरलेलाच ठेवला.
‘आता सांगा. निर्वारस म्हंजे काय?’

२१ ऑक्टो.
तिचं पान या वहीत. ती सकाळपासून उत्तराची वाट बघत चावडीच्या ओट्यावर बसून आहे. मी दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या.
अक्का दारातून : ‘जायलास का न्हाई?’