आमटीतलं मीठ आणि दहावा माणूस

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

घोर अन्याय! पेणसारख्या मिठागरांच्या मुलखात राहून माझ्या ताटात अळणी आमटी! डॉक्टर एवढंच म्हणाले होते, मीठ जरा बेतानं घ्या. नाओमीनं त्यातला 'जरा' गाळला आणि आमटीतलं मीठही. मी मिताहारावर दोन संस्कृत शब्द काढले, तर बायको म्हणते, "तुमची जीभ आधीच खारट आहे."

संध्याकाळ व्हायच्या आत इस्रायलमधल्या अश्दोदहून शीराचा फोन. मुलीचं तेच पालुपद — आईबाबा, आता कायमचे इकडे या. मी म्हटलं, वर्षातून महिनाभर येत जाऊ. कशातही मध्यम मार्ग बरा.

रविवार, ९ नोव्हेंबर

काल शनिवारच्या प्रार्थनेला भलतीच गंमत. आम्हा बेने इस्रायलींची सामुदायिक प्रार्थना दहा पुरुषांशिवाय होत नाही, आणि गावात आम्ही उरलोय बरोबर दहा. डेव्हिडकाका मोतीबिंदूच्या डोळ्यांनी मोजतात. मोजले, सुरुवात केली. थोड्या वेळानं मागून जनू — आमच्या प्रार्थनालयाची झाडलोट तोच बघतो, आत येताना टोपी घालतो — हळूच म्हणाला, "काका, मना पन धरलाव का दहात? माजी ना नाय. पन तुमचे देवाला इचारा."

सगळं थांबलं. खरा दहावा, आरोन, डोलवीच्या कंपनीतली नाइट शिफ्ट उरकून उशिरा उगवला. बसला आणि झोपला. मी विचारलं, हा असा चालतो?

काका म्हणाले, "झोपलेला दहावा चालतो. जागे नऊ चालत नाहीत."

मंगळवार, ११ नोव्हेंबर

पेपरच्या बातमीसाठी रोह्याला. 'निसर्गाचा समतोल' यावर सभा. समतोल श्रोत्यांनीच राखला — निम्मे जागे, निम्मे झोपलेले.

बुधवार, १२ नोव्हेंबर

काकांचं वाक्य डोक्यातून जाईना. मीठ कमी पडलं तर आमटी अळणी होते, पण आमटीच राहते. दहातला एक गेला तर प्रार्थना थोडी कमी होत नाही — होतच नाही! म्हणजे काही गोष्टींना मध्यम मार्ग नसतोच, नुसता काठ असतो. हे शहाणपण नाओमीला ऐकवलं. तिनं शांतपणे वाढलं.

"मग तुमच्या बीपीला काठ नाही होय? आणि नातू काय वर्षातून महिनाभरच वाढणार?"

ताटातली अळणी आमटी संपवली.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

शीराला हो म्हटलं. दोघंही जातोय, कायमचे. नाओमी इतकी खूश, की आज आमटीत मीठ!

डेव्हिडकाकांना अजून सांगितलेलं नाही. मला परक्या मुलखाची भीती नाही, तिथल्या भाषेचीही नाही. माझ्यामागे इथे नऊ उरतील, याची आहे.

उद्या काका मोजतील.